देवाप्पाचा ग्लास पातळ का होतो

बेंगळुरातल्या यशवंतपूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या बाजूला जाऊन देवाप्पा हत्तरगी कुठं राहतो म्हणून विचारा. लोक आधी तुमचं तोंड बघतील, मग म्हणतील, "कोण? बोलका देवाप्पा?"

बोलका म्हणजे नुसता बडबड्या नव्हे. देवाप्पा हमाल. छत्तीस वर्षं पाठीवर पोती वाहिली. पण नगर-नाशकाकडचा ट्रक यार्डात शिरला की ड्रायव्हर खाली उतरायच्या आधी त्याचं नाव घ्यायचा. ड्रायव्हरला मराठी येणार, व्यापाऱ्याला कन्नड, आणि काट्यावरचा कारकून हिंदीत डाफरणार. या तिघांच्या मधे देवाप्पा उभा. चिकोडीकडचा माणूस, घरात मराठी आणि शाळेत कन्नड. दोन्ही भाषांत त्याला शिव्या येत होत्या, आणि कुठल्या भाषेतली कुणाला घालायची हेही कळत होतं. कुणी वरवरचा चांगला माल दाखवायला लागला की हा न बोलता पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि तळातला एक कांदा काढून सगळ्यांसमोर धरायचा. मग बोलायचा. त्यानंतर दुसऱ्या कुणाला बोलायला काही उरत नसे.

तो उजवा हात आता मांडीवर पडलेला असतो. गेल्या फेब्रुवारीत यार्डातल्या चहाच्या टपरीवर त्याच्या शर्टावर गरम चहा सांडला आणि त्याला कळलंच नाही. लोक हसले. हसता हसता एकाच्या लक्षात आलं की याचं तोंड एका बाजूला ओघळलंय.

जीव वाचला. पाय थोडा परत आला. बोलणं चार शब्दांवर आलं: हो, बेडा, गंगू, पाणी. नको म्हणायला त्याला कन्नडमधलं बेडाच का सापडलं, त्याचं तो जाणे. आणि गिळणं गेलं.

पाणी तोंडात घेतलं की ते आपल्याआधी घशात पोचतं. धडधाकट माणसाचा घसा तेवढ्यात श्वासाची वाट बंद करतो. देवाप्पाच्या घशाला आता उशीर होतो. पाणी, चहा, ताक, जे जे पातळ ते थेट छातीत. एकदा तसं झालं, न्यूमोनिया झाला, आणि नाकातून पोटात नळी घातली. देवाप्पानं ती ओढून काढली. परत घातली, परत काढली. मग त्याचे हात पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधले. छत्तीस वर्षं दुसऱ्याची पोती उचलणाऱ्या माणसाचे हात!

लोकांची हॉस्पिटलातली अडलेली कामं मी करते; त्या दिवशी त्याच वॉर्डात दुसऱ्या एकाच्या कागदांसाठी भांडायला गेले होते. बांधलेले हात बघितले आणि ज्याच्यासाठी गेले होते ते विसरून नर्सवर घसरले. नर्स बिचारी एकटी तीस खाटा बघत होती, हे मला नंतर कळलं. नंतर कळण्यात मी पटाईत आहे.

खाटेच्या पायथ्याशी एक बुटकी बाई उभी होती. हिरव्या काचेच्या बांगड्या, नखांत कांद्याच्या सालीचा रंग बसलेला. ती गंगव्वा, देवाप्पाची बायको. त्याच यार्डात कांदे निवडायची. तिनं माझा आवाज ऐकला, त्यातली मराठी ऐकली, आणि हात धरून बाजूला नेलं.

"तुमचं नाव काय?"

"अनुसूया."

"अनुसूयाक्का, मला बाकी काय नको. पैसं नकोत, औषध नको. ती नळी तेवढी नको. ह्यांचे हात बांधत्यात."

ते काम मी घेतलं. घेताना वाटलं, चार दिवसांचं आहे.

नळी काढायची तर तोंडानं पोट भरायला हवं. ते कसं, हे शिकवायला मैत्रेयी नावाची मुलगी होती. गिळण्याचे व्यायाम घेणारी. पुण्याची, वय सव्वीस-सत्तावीस, मराठीत निम्मं इंग्लिश. तिनं टेबलावर ताकदीच्या पावडरचा डबा ठेवला, शेजारी दाटपणाच्या पावडरचा लहान डबा. दुधाळ पेय आधी करायचं, मग त्यात दाटपणाची पावडर घालून ढवळायचं, दहा मिनिटं ठेवायचं. लगेच द्यायचं नाही. लगेच दाट दिसत नाही म्हणून आणखी पावडर घालायची नाही.

"आजी, कन्सिस्टन्सी हनीसारखी पाहिजे."

"काय?"

"मधासारखी. मध."

"मध आमच्यात औषधाला तेवढा. काकवीसारखं म्हणा की."

मैत्रेयीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "उसाचा रस आटवतात ना, गुळाच्या आधीचं."

"माहितेय हो ताई, काकवी. हो, तशीच."

"थंडीतली का उन्हाळ्यातली?" गंगव्वानं विचारलं.

मुलगी आधी हसली. मग खरंच विचार करायला लागली. "उन्हाळ्यातली," ती म्हणाली. गंगव्वानं मान हलवली, पहिल्याच फटक्यात ग्लास बनवला आणि चमचा तिरका करून धार दाखवली. मैत्रेयीनं सुई नसलेली दहा मिलीची सिरिंज काढली, खालचं तोंड बोटानं दाबून त्यात ते भरलं, मग बोट सोडून दहा सेकंद मोजले. दहातलं नऊ मिली आतच राहिलं होतं. "परफेक्ट," मैत्रेयी म्हणाली. माझी छाती फुगली, जशी काही काकवी मी केली होती.

डॉक्टरनं घरी सोडलं, पण अट घालून. महिन्याभरानं मंगळवारी दाखवायचं. तोवर वजन आणखी उतरलं, किंवा छातीत परत काही ऐकू आलं, तर नळी. या खेपेला कायमची.

वजन तेव्हा सत्तेचाळीस किलो.

त्यांचं घर यार्डामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मुलगी शिवलीला होसकोट्याच्या कारखान्यात, ती रविवारी येणार. मी बनशंकरीहून मेट्रोनं दर दोन-तीन दिवसांनी जायची. गंगव्वा काम चोख करायची. दिवसातून चार ग्लास, मापाचे चमचे सपाट, घड्याळात दहा मिनिटं. देवाप्पाला उशांवर ताठ बसवायची, हनुवटी खाली. तरी एका आठवड्यात तो ओळखीचा ओला खोकला सुरू झाला. सुरुवातीचे पाच-सहा चमचे झकास जायचे. ग्लास निम्म्यावर आला की देवाप्पा खोकायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि गंगव्वा ग्लास खाली ठेवायची. निम्मा ग्लास रोज वाया. वजन सेहेचाळीसवर आलं, आणखी थोडं खाली सरकलं.

मी उरलेला ग्लास उजेडात धरला. तळाला पांढरं पाणी! काकवी कुठली, नुसती लस्सी, तीही पाणी ओतलेली.

"वैनी, हे काय?"

"दर वेळी असंच होतंय. करताना चांगलं असतंय. मग पातळ होतंय. का ते कळंना."

मला लगेच कळलं. मला नेहमी लगेच कळतं. पावडर खोटी. दोन्ही डबे पिशवीत टाकले आणि गल्लीच्या तोंडावरच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकान शिवकुमार नावाच्या माणसाचं. चार गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, माणसाचा जीव चाललाय आणि तुम्ही पिठं विकता. आणखीही बरंच म्हटलं.

"अक्का, स्वल्प निल्ली," तो म्हणाला. थांबा जरा. भांडला नाही, तेवढ्यानं मला जास्त राग आला. त्यानं माझ्याच डब्यातली पावडर घेतली, काउंटरवर गंगव्वाच्या मापानं ग्लास केला आणि घड्याळ पुढं ठेवलं. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास झाला. गिऱ्हाइकं पण थांबून राहिली, खोकल्याचं औषध न्यायला आलेला एक म्हातारा तर स्टूल ओढून बसला. चमचा ग्लासात उभा केला की सावकाश कलत होता. काकवी तशीच्या तशी.

"सरी?" शिवकुमारनं विचारलं. बरोबर ना?

मी माफी मागितली नाही. दुसरा एक सीलबंद डबा घेतला आणि मान वर ठेवून बाहेर पडले. म्हातारा मागनं म्हणाला, "छान झालं हो, पण गोड जास्त असणार." तो डबा फोडून गंगव्वानं ग्लास केला. निम्म्यावर आला आणि पातळ झाला.

मग मी मैत्रेयीला फोन लावला. तुमचं माप चुकीचं आहे, म्हटलं. हॉस्पिटलच्या टेबलावर चालतं, गरिबाच्या घरात चालत नाही असं कसलं माप. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "ताई, माप मी पाहिलंय. भरवताना पाहिलेलं नाही. शनिवारी येते."

शनिवारी ती आली, गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक. गंगव्वानं तिला चटईवर बसवलं, ग्लास केला. दहा मिनिटांनी सिरिंजचा प्रयोग झाला. नऊ मिली. बरोबर.

"आता रोजच्यासारखं भरवा आजी. मी इथं नाहीच असं समजा."

गंगव्वा देवाप्पासमोर मांडी घालून बसली. चमचा भरला, स्वतःच्या ओठाला लावला, जिभेच्या टोकानं जरा चाटला, परत ग्लासात बुडवून भरला आणि देवाप्पाच्या तोंडात दिला. देवाप्पानं गिळलं. परत चमचा, परत आधी तिचा ओठ, मग त्याचं तोंड. मी हे तीन आठवडे बघत होते. बघून मला काही वाटलं नव्हतं. आमच्याकडच्या कुठल्याही घरात बाई गरम-गार बघून मगच भरवते.

आठव्या चमच्याला मैत्रेयी म्हणाली, "थांबा." तोच ग्लास, तीच सिरिंज. बोट सोडलं तसं ते भुर्रकन खाली गेलं. आत तीन मिली राहिलं.

"आजी, तुम्ही प्रत्येक चमच्याला चव का घेता?"

"चव न्हवं ती." गंगव्वा लाजली. साठीच्या आसपासची बाई, कानापर्यंत लाल झाली. "ते एकटे खाईत न्हाईत."

मग तिनं सांगितलं. बेंगळुरात आली तेव्हा लग्नाला तीन महिने झाले होते. यार्डातल्या शेडमध्ये एका कोपऱ्यात राहिले. भांड्यांत एक पातेलं, एक तवा, एक जर्मनचं ताट. मग एकाच ताटात जेवायचे. तो पहाटे कामाला जायचा, दुपारी बाराला परत यायचा, ती थांबलेली असायची. पुढं खोली झाली, शिवलीला झाली, मांडणीवर नाव घातलेली आठ स्टीलची ताटं लागली. तरी दुपारचं ताट एकच. तो कांदा मुठीनं फोडून त्याचा आतला कोंब तिच्या बाजूला सरकवायचा.

"लोक हसायचे. माझी सासू आली होती एकदा, ती म्हणाली, काय हे, दुसरं ताट न्हाई का घरात? हे म्हणाले, हाय की, पण घासायचं कुणी?" गंगव्वा हसली, पण पुरतं हसली नाही. "आता भाकरी न्हाई, कालवण न्हाई. ताट कशाला मांडू? म्हणून म्हटलं, चमचा तरी एक असू दे. पोटात सगळं त्यांच्याच जातंय अक्का, मी घोटभर पण घेत न्हाई. नुसतं ओठाला लावते. न लावता दिलं की तोंड उघडत न्हाईत."

देवाप्पा ऐकत होता. सगळं कळतं त्याला. "हो," तो म्हणाला.

मैत्रेयीनं इंग्लिश शब्द बाजूला ठेवले, तिला ते जड जात होतं हे दिसत होतं. "आजी, भाकरी खूप वेळ चावली की गोड लागते ना?"

"लागती की."

"आपल्या थुंकीमुळं. थुंकी पिठाला विरघळवते. ही दाटपणाची पावडर पण एक प्रकारचं पीठच आहे. चमचा तोंडाला लागून परत ग्लासात गेला की थुंकी ग्लासात जाते, आणि…"

गंगव्वाला पुढचं सांगावं लागलं नाही. तिनं ग्लास उचलून जमिनीवर ठेवला, स्वतःपासून लांब.

"म्हणजे मी केलं हे."

"नाही नाही आजी, त्यांचाही चमचा परत जातोच ना ग्लासात. दोघांचं मिळून…"

"त्यांचा जाणारच की. माझा कशाला गेला?"

शिवकुमारच्या दुकानातला माझा आवाज माझ्याच कानात वाजत होता.

मी विचारलं, दुसरी कुठली पावडर नाही का, न विरघळणारी? मैत्रेयी म्हणाली, आहे, डिंकाच्या जातीची, मागवते. "पण ताई, चमचा तरी वेगळाच हवा. एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या छातीत जायला नको, त्यांची छाती एकदा बिघडलीय." आणि तोवर ग्लासातून वाटीत थोडं थोडं ओतून घ्यायचं, वाटीतलं संपलं की स्वच्छ चमच्यानं पुन्हा ओतायचं.

गंगव्वा म्हणाली, "सरी." एवढंच.

त्या संध्याकाळी वाटी आणि वेगळा चमचा आला. काकवी शेवटपर्यंत काकवी राहिली. फक्त देवाप्पानं तोंड उघडलं नाही.

"बेडा."

गंगव्वानं समजावलं, मी रागावले, शिवलीला रविवारी येऊन रडली. बेडा. दिवसाला कसेबसे सात-आठ चमचे. मंगळवार दहा दिवसांवर आला होता. मी देवाप्पाला म्हटलं, "अण्णा, खुळ्यासारखं करू नका, नळी घालतील, हात बांधतील." त्यानं माझ्याकडं असं बघितलं की लोकांकडून ऐकलेला यार्डातला जुना देवाप्पा दिसला, पोत्यात हात घालायच्या आधीचा. मग डावा हात उचलून गंगव्वाच्या तोंडाकडं दाखवला. त्याला नळी मंजूर नव्हती आणि हेही मंजूर नव्हतं.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा दोन ग्लास होते.

दुसरा गंगव्वाचा. ताकदीची पावडर महाग, ती फक्त त्याच्या ग्लासात. हिनं आपल्या ग्लासात साधं पाणी घेऊन चिमूटभर साखर टाकली आणि दाटपणाची पावडर कालवली होती. समोरासमोर बसली. आपला चमचा तिरका करून देवाप्पाला धार दाखवली, त्यानं नीट बघितली, पडताळून बघितल्यासारखी. मग तिनं आपला चमचा आपल्या तोंडात घातला. त्यानं तोंड उघडलं. तिनं दुसऱ्या चमच्यानं त्याच्या वाटीतलं दिलं.

"त्यांचं एक, माझं एक," ती मला म्हणाली. "ग्लास वेगळे झाले म्हणून काय झालं. घास एकदमच हाय."

मी तिच्या ग्लासातलं चाखून बघितलं. पाणी, पण गिळता येईना. जिभेवर बसून राहतं, तहान आणखी वाढवतं. ही बाई ठेच्याशिवाय जेवली नाही आयुष्यात, ती हे चार वेळा पीत होती, एकदाही तोंड न वाकडं करता, कारण तो बघत असतो. खरं पाणी प्यायला ती जिन्यात जाते. तांब्या बाहेरच्या पायरीवर झाकून ठेवलेला असतो. त्याच्यासमोर पीत नाही. आवाज होतो, म्हणाली.

मंगळवारी आम्ही हॉस्पिटलात गेलो. भांडायची तयारी मी केली होती, तीन कागद आणि घसा साफ. गरज पडली नाही. वजन सत्तेचाळीसच्या जरासं वर. डॉक्टरनं छातीला स्टेथोस्कोप लावला, पाठीला लावला, परत छातीला. "क्लिअर आहे. सध्या ट्यूब नको."

गंगव्वानं डॉक्टरला हात जोडले, मग मैत्रेयीला, मग चुकून वजनकाट्याच्या पोराला पण. देवाप्पा खुर्चीत ताठ बसला. सगळं जुळून आलंय असं बघून त्यानं आपला चौथा शब्द काढला.

"पाणी."

मैत्रेयी त्याच्यासमोर खाली बसली. "आजोबा, आत्ता नाही. तीन महिन्यांनी टेस्ट करू, मग बघू."

"पाणी," तो परत म्हणाला, हळू, जसं एखाद्याला पत्ता विचारावा.

गंगव्वानं तेवढ्यात तिला विचारून घेतलं, "आणि एका ताटात?"

मैत्रेयी खोटं बोलू शकली असती. मी तिच्या जागी असते तर बोललेही असते. ती म्हणाली, "सांगता येत नाही, आजी."

घरी आलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. गंगव्वानं हातपाय धुतले, दोन ग्लास केले, घड्याळ बघितलं. देवाप्पाला उशा लावल्या. मग दोघांच्या ग्लासांच्या मधे तिनं पोह्यांचा एक स्टीलचा डबा आणून ठेवला. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "ह्यांचा डावा हात आता उजव्यासारखा चालाय लागलाय. सवयीनं माझ्या ग्लासाकडं येतोय."

पहिला चमचा झाला. दुसरा झाला. देवाप्पानं डाव्या हातानं तो डबा बोटभर बाजूला सरकवला. गंगव्वानं त्याच्याकडं न बघता जागेवर आणून ठेवला. तिसरा चमचा. त्यानं परत सरकवला, तिनं परत ठेवला. डबा फरशीवर घासल्याचा आवाज तेवढा येत होता, चमच्यागणिक एकदा तिकडं, एकदा इकडं.

ग्लास तळापर्यंत संपला. देवाप्पा एकदाही खोकला नाही.